फराळ तिन्ही पाळ्यांचा

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात दिवाळीचा कार्यक्रम माझ्याकडे असतो. माझा पहिला आग्रह तारखेचा. वसुबारस लागली की लातूर-सोलापूरकडची माणसं गावची एसटी पकडतात, म्हणून फराळ त्याआधी आठवडाभर. आणि बोनस जमा झाल्यावरच. कायदा आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची मुदत देतो, पण कामगाराला पैसे घरचा किराणा भरण्याआधी हवे असतात. हातात पैसे नसताना लाडू कोणाला गोड लागणार?

खरा प्रश्न पाळ्यांचा. दुपारी चारला कार्यक्रम ठेवला की ऑफिसवाले खुश, पण पहिली पाळी घरी गेलेली आणि रात्रपाळीला उरलासुरला चिवडा. आम्ही दुपारी तीनला, पाळी बदलताना बसतो. दोन्ही पाळ्या एकत्र येतात. रात्रपाळीसाठी वेगळी ताटं आणि गरम चहा. साहेबांनी त्या वेळीही यावं, हे मी सांगून ठेवते.

फराळ बचत गटाकडून घेतो. ऑर्डर दसऱ्यालाच द्यावी, नंतर त्यांना फुरसत नसते. करंज्या सुक्या खोबऱ्याच्या सांगाव्यात, ओल्या नारळाच्या टिकत नाहीत. जैन सहकाऱ्यांसाठी लसणाशिवाय चिवडा वेगळ्या डब्यात. भाषण एकच, पाच मिनिटांचं.

कंत्राटी सफाई कामगार आणि गेटवरचे रखवालदार कंपनीच्या यादीत नसतात. तुमच्याकडे यादी कराल तेव्हा त्यांची नावं सर्वांत आधी लिहा, आणि भेटीचा डबा त्यांनाही तोच द्या.