घरचा संगणक अडतो तेव्हां

घरच्या जमाखर्चाची वही पूर्वीं कपाटांत असे. आतां ती बहुधा संगणकांत असते. मुलांचीं छायाचित्रें, विम्याचे कागद, वडिलांच्या जुन्या पत्रांच्या प्रती, हें सर्वहि तेथेंच. म्हणून तें यंत्र एके दिवशीं सुरूच होईनासें झालें, म्हणजे घरांत उडणारी धांदल केवळ यंत्रासाठीं नसते. अशा वेळीं कोणतें काम आधीं करावें व कोणतें मागून, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

२००० सालीं आलेल्या 'विंडोज मिलेनियम'पासून विंडोज प्रणालींत 'सिस्टिम रिस्टोर' नांवाची एक सोय आहे. नवा ड्रायव्हर किंवा अपडेट बसविण्यापूर्वीं यंत्र आपल्या त्या वेळच्या व्यवस्थेची नोंद करून ठेवतें. या नोंदीस 'रिस्टोर पॉइंट' म्हणतात. पुढें बिघाड झाल्यास त्या टप्प्यापर्यंत मागें जातां येतें. मात्र ही नोंद प्रणालीच्या फाइलींची असते, आपल्या कागदपत्रांची नव्हे; पुसलेलें छायाचित्र तिच्यामुळें परत मिळत नाहीं.

शिवाय ही नोंद त्याच डिस्कवर राहते. तिला नेमून दिलेली जागा भरली कीं जुने टप्पे आधीं पुसले जातात. डिस्कवरील मोकळी जागा फारच कमी झाली, तर सगळेच नाहींसे होतात. विंडोज ११ च्या '२४एच२' आवृत्तींत, जून २०२५ च्या अपडेटपासून, ते फार तर ६० दिवस टिकतात. कित्येक संगणकांवर तर ही सोय मुळांतच बंद असते. कुलपाची दुसरी किल्ली घराच्या आंतच ठेवून बाहेर पडावें, तसाच हा प्रकार होय.

टप्पे गेले म्हणून सर्व गेलें असें मात्र नाहीं. यंत्र कसेंबसें चालत असेल, तर पहिलें काम हें कीं, महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घ्यावी. जागा मोकळी करण्याचें काम त्यानंतरचें. 'सेटिंग्ज'मध्यें 'स्टोरेज' व त्याखालीं 'टेंपररी फाइल्स' उघडल्यास काढून टाकण्याजोग्या वस्तूंची यादी दिसते. त्या यादींत 'डाउनलोड्स' हेंहि नांव असतें. तो केवळ केरकचरा नव्हे. बँकेचीं विवरणपत्रें पुष्कळदां तेथेंच पडलेलीं असतात. तेथें खूण करण्यापूर्वीं तें एकदां उघडून पाहावें.

यंत्र सुरूच होत नसेल, तर कांहीं निष्फळ प्रयत्नांनंतर दुरुस्तीचा पडदा बहुधा आपोआप येतो. न आल्यास दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या 'मीडिया क्रिएशन टूल'नें निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून यंत्र सुरू करावें, व त्यांतील दुरुस्तीचा मार्ग धरावा. प्रथम 'स्टार्टअप रिपेअर' करून पाहावें. मग शेवटचें अपडेट काढून पाहावें. दोन्ही उपाय फसले तरच 'रीसेट'कडे वळावें, व त्यांत 'कीप माय फाइल्स' हाच पर्याय घ्यावा. त्यानें आपल्या फाइली राहतात, पण आपण बसविलेले प्रोग्राम जातात. शेजारचा 'रिमूव्ह एव्हरिथिंग' हा पर्याय मात्र कांहींच शिल्लक ठेवीत नाहीं.

दुकानदाराकडे गेल्यास "फॉरमॅट मारूं का?" हा प्रश्न ठरलेला असतो. त्यास उत्तर एकच : "आधीं डेटा काढून द्या." मात्र अलीकडच्या पुष्कळ यंत्रांतील डिस्क 'बिटलॉकर'नें कुलूपबंद असते, आणि ती उघडण्यास ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत नोंदलेली असते. यंत्र धड असतांनाच ती पाहून कागदावर लिहून ठेवावी. अडचणीच्या वेळीं कुशल कारागीरहि तिच्यावांचून हतबल होतो.

यंत्र पूर्ववत् झाल्यावर 'सिस्टिम प्रोटेक्शन' चालू आहे कीं नाहीं तें पाहावें, त्यास कांहीं जागा नेमून द्यावी, आणि डिस्क कधींहि काठोकाठ भरूं देऊं नये. परंतु खरा भरंवसा बाहेर ठेवलेल्या प्रतीचाच. वीजबिल भरण्याचा दिवस जसा घरांत ठरलेला असतो, तसाच ही प्रत काढण्याचाहि दिवस महिन्यांतून एकदां नेमावा. आणि काम होतांच ती हार्ड डिस्क संगणकापासून सोडवून कपाटांत ठेवावी.