मृताचे चरित्र सांगणारा
(वृत्ती आणि व्यवसाय : लेखांक नववा)

मागील लेखांकात मृत्युपत्रे करून देणाऱ्या वकिलाच्या व्यवसायाचा आपण परामर्श घेतला. मृत्युपत्राने माणसाच्या स्थावरजंगमाची वाटणी होते. परंतु तो गेल्यावर त्याच्याविषयी कोणी बोलावे, काय बोलावे, आणि जे बोलले जाईल त्याच्या खरेपणाची जोखीम कोणाच्या शिरावर असावी, याचा उल्लेख सहसा कोणत्याही मृत्युपत्रात आढळत नाही. ही जोखीम पत्करून तीवर उदरनिर्वाह करणारा एक वर्ग गेल्या अर्धशतकात ऑस्ट्रेलियात उदयास आला आहे. त्यास तेथे सेलिब्रंट म्हणतात. धर्मपीठाशी त्याचा संबंध नसतो, मृताशी नातेगोते नसते, बहुतेक प्रसंगी त्याने मृताला हयातीत पाहिलेलेही नसते. असे असूनही दहनगृहाच्या सभागृहात जमलेल्या आप्तेष्टांसमोर मृताचे चरित्र सांगण्याचे मुखत्यारपत्र कुटुंबीय त्यालाच देतात.

या वर्गाचा उगम शोधावयाचा तर विवाहसमारंभाकडे जावे लागते. ज्यांस चर्चमध्ये जावयाचे नसे, त्यांना पूर्वी विवाहासाठी सरकारी नोंदणी कचेरीची वाट धरावी लागे, आणि तेथे कारकुनी थाटात काही मिनिटांत आटोपणारा तो विधी अनेकांच्या मनाला चटका लावून जाई. १९६१ च्या विवाह कायद्यान्वये लग्ने लावण्यासाठी लायक व्यक्ती नेमण्याचा अधिकार अ‍ॅटर्नी जनरलकडे होता. व्हिटलम मंत्रिमंडळातील अ‍ॅटर्नी जनरल लायनेल मर्फी यांनी त्याचा आधार घेऊन १९ जुलै १९७३ रोजी लोइस डार्सी या तरुण स्त्रीची पहिली नेमणूक केली. आज त्या देशातील दर पाच विवाहांपैकी सुमारे चार विवाह अशा बिगरधर्मीय सेलिब्रंटांच्या हस्ते होतात. ज्या घरात त्याने मुलीचे लग्न लावले होते, त्याच घरातील आजोबा वारले की मंडळी त्यालाच बोलावू लागली, आणि अशा रीतीने, कोणाच्याही हुकुमावाचून, हे दुसरे काम त्याच्याकडे चालत आले. मेलबर्नचे डॅली मेसेंजर, स्वतः पूर्वाश्रमीचे कॅथलिक धर्मगुरू, यांनी या कामाला शिस्त लावण्यासाठी आयुष्य वेचले.

येथे एक कायद्याचा बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. लग्न लावण्यास सरकारी सनद लागते. अंत्यविधीचे संचालन करण्यास ती लागत नाही. विवाहाने दोन व्यक्तींचे कायदेशीर नाते बदलते, म्हणून तेथे सरकारला साक्षीदार हवा. मृत्यूची नोंद मात्र निराळ्या वाटेने होते, आणि देहाची व्यवस्था फ्युनरल डायरेक्टरकडे असते. तात्पर्य, सभागृहात जे बोलले जाते त्याच्याशी सरकारला काहीएक कर्तव्य नाही. इंग्लंडात हे स्वातंत्र्य सहजी मिळाले नव्हते. चर्चच्या आवारातील दफनभूमीत अँग्लिकन विधीवाचून देह पुरण्याची मुभा तेथे १८८० च्या कायद्याने मिळाली, आणि ईश्वराचे नाव न घेता अंत्यविधी कसा करावा याची मार्गदर्शक पुस्तिका ब्रिटिश ह्युमॅनिस्ट असोसिएशनने काढली ती १९८९ मध्ये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मृत्यूनंतर एकदोन दिवसांत फ्युनरल डायरेक्टरचा निरोप येतो, आणि सेलिब्रंट मृताच्या घरी जातो. तेथे तास-दोन तास, क्वचित त्याहून अधिक, तो बसतो, आणि या बैठकीवरच पुढचे सर्व अवलंबून असते. जन्म, शाळा, नोकरी, विवाह हा तपशील पाच मिनिटांत कागदावर उतरतो. खरे काम त्यानंतरचे. घरात त्यांना कोणत्या नावाने हाक मारीत, रविवारची सकाळ ते कशी घालवीत, त्यांना चीड कशाची होती, असे वरवर क्षुल्लक दिसणारे प्रश्न तो विचारतो, आणि उत्तर देणाऱ्याइतकेच गप्प बसलेल्याकडेही लक्ष ठेवतो. समजा, मृत मनुष्य जन्मभर सुतारकाम करणारा होता. मुलगी सांगते की बाबा देवमाणूस होते. थोरला मुलगा खिडकीबाहेर पाहत राहतो, आणि निरोप देण्याच्या मिषाने दारापर्यंत येऊन हलक्या आवाजात सांगतो की ते माझ्या लग्नाला आले नव्हते. ही दोन्ही माणसे दोन दिवसांनी पहिल्याच रांगेत बसणार आहेत. देवमाणूस म्हटले तर मुलासमोर असत्य होते, लग्नाचा उल्लेख केला तर मुलीच्या दुःखावर मीठ पडते. निष्णात सेलिब्रंट अशा वेळी लिहील की लाकडाच्या सांध्यात केसाइतकी फट त्यांना खपत नसे, आणि माणसांकडूनही त्यांची अपेक्षा तितकीच कडक होती. तिचा जाच ज्यांनी सोसला, ते आज येथे आले आहेत. या वाक्यात मुलीला वडील सापडतात आणि मुलालाही सापडतात.

लिहिलेला मजकूर तो विधीपूर्वी कुटुंबाला वाचावयास देतो. तारखा, नातवंडांची नावे, त्या नावांचे उच्चार हे सर्व पुन्हा पडताळून घेतले जाते. कारण स्थानिक धर्मगुरूने मृताचे नावच चुकीचे घेतले, ही तक्रारच कित्येकांना सेलिब्रंटाच्या दारी घेऊन आलेली असते. विधीचा क्रम साधारण ठरलेला : स्वागत, मृत्यूचा स्पष्ट शब्दांत उच्चार, चरित्रकथन, आप्तांची मनोगते, छायाचित्रे व संगीत यांच्या सोबतीने काही क्षणांचे मौन, आणि अखेर निरोपाचे शब्द, ज्यांच्यासवे शवपेटी भूमीत उतरते किंवा पडद्याआड जाते. यांतील शेवटचा भाग सर्वांत आखूड आणि सर्वांत अवघड. चरित्र ऐकताना श्रोते हसतातही. निरोपाच्या शब्दांना मात्र शोभेचा एक अलंकारही सोसत नाही.

आपल्याकडील विधीची जातकुळी याच्या अगदी उलट आहे. बाराव्या दिवशीच्या सपिंडीकरणात प्रेताच्या नावाच्या पिंडाचे तीन भाग करून ते त्याच्या पित्याच्या, पितामहाच्या आणि प्रपितामहाच्या पिंडांत मिसळतात. तोवर प्रेत असलेला जीव त्यानंतर पितर होतो. श्राद्धात वसु, रुद्र, आदित्य या रूपांनी तीन पिढ्यांचे नावगोत्रासह स्मरण होते, आणि नवा पितर ओळीत आला की सर्वांत वरचा त्या ओळीतून बाहेर सरकतो. नाव आणि गोत्र, एवढाच मजकूर. तो तापट होता की प्रेमळ, त्याने कुळे नागवली की विहिरी बांधल्या, याची चौकशी मंत्र करीत नाही, आणि या बेफिकिरीत मला तरी एक प्रकारचा मोठेपणा दिसतो. दुष्टाला आणि सुष्टाला तेथे एकच तिलोदक. मंत्र म्हणणाऱ्याला मृताचे चरित्र ठाऊक नसले तरी विधीला बाध येत नाही. सेलिब्रंटाचे चरित्र चुकले तर मात्र त्याच्या हाती काहीच उरत नाही, कारण त्याच्यापाशी दुसरे काहीच नसते.

परंतु विधीचा मोठेपणा विधी करणाऱ्याच्या वाट्याला आपण कितीसा येऊ दिला? अंत्यकर्मे चालविणाऱ्या किरवंताला त्याच्याच जातीतील इतरांनी पंक्तीला आणि सोयरिकीला दूर ठेवले. प्रेमानंद गज्वी यांचे ‘किरवंत’ हे नाटक याच व्यथेवर उभे आहे. ऑस्ट्रेलियातील सेलिब्रंट मंगळवारी अंत्यविधी करतो आणि शनिवारी बागेत लग्न लावतो, आणि नवरीच्या आईला त्यात अपशकुन दिसत नाही. मला या व्यवसायातील सर्वांत हेवा वाटण्याजोगी गोष्ट हीच वाटते.

पुरोहितावाचून संस्कार ही कल्पना मराठी मुलखाला नवी होती असे मात्र कोणी समजू नये. मर्फी यांनी केलेल्या नेमणुकीच्या सुमारे शंभर वर्षे आधी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या पद्धतीचा पहिला विवाह लागला. जुन्नरकडच्या ग्रामजोशांनी आपल्या वतनी हक्काची दक्षिणा बुडाली म्हणून दावे गुदरले, यावरून त्या चळवळीचा घाव कोठे बसला होता हे कळते. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिलेले ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्म आणि विवाह यांबरोबर मृत्यूचाही विचार त्यात आहे. खुद्द त्यांचा अंत्यविधीही साधा झाला नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले, तेव्हा दत्तक पुत्र यशवंताने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, आणि सावित्रीबाई ते आपल्या हाती घेऊन अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालू लागल्या. त्या काळी एका विधवेने हे करावे, याचे मोल कोणत्याही भाषणाहून अधिक.

तथापि सत्यशोधकांनी पुरोहित दूर केला, तरी मृताविषयी खरे बोलण्याची विद्या आपल्या सार्वजनिक जीवनात रुजली, असे म्हणण्यास आधार सापडत नाही. आपल्या शोकसभा पाहाव्या. गेलेला प्रत्येक गृहस्थ अजातशत्रू असतो, त्याच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून न येणारी असते, आणि त्याच्या हयातीत ज्यांनी त्याचे नाव टाकले होते, ते माईक सोडावयास तयार नसतात. मृत्यूबरोबर वैर संपते, हा आपल्या परंपरेचा थोर दंडक खराच. रावणाचे अंत्यसंस्कार करण्यास बिभीषण कचरला, तेव्हा रामाने त्याला याच आधारे समजाविले. पण वैर संपले म्हणून रावण सज्जन होता असे काही राम म्हणाला नाही. त्याचे शौर्य त्याने बोलून दाखविले, अधर्म नाकारला नाही, आणि संस्कार यथासांग करविले. उत्तम सेलिब्रंट याहून निराळे काय करतो?

व्यवसायाच्या अडचणीही नमूद केल्या पाहिजेत. दहनगृहाचे सभागृह ठराविक वेळेपुरते मिळते, बहुधा अर्ध्या ते पाऊण तासापुरते. एखादा भाचा मनोगतात रंगला की पुढच्या मृताचे नातलग बाहेर उन्हात तिष्ठतात, म्हणून डोळे भरून आलेल्या माणसाला ध्वनिवर्धकापासून दूर करण्याची कलाही सेलिब्रंटाला अवगत असावी लागते. सिडनी-मेलबर्नला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही आपले मंत्र त्याच घड्याळात बसवावे लागतात. मोबदल्याची कथा तर त्याहून रुक्ष आहे. तो फ्युनरल डायरेक्टरच्या बिलात एका ओळीत समाविष्ट असतो, आणि पेटीच्या, मोटारीच्या व फुलांच्या आकड्यांशेजारी ती ओळ हिणकस दिसते. हा दर फ्युनरल डायरेक्टरांनीच दाबून धरला आणि त्यामुळे कामाचा दर्जा खालावला, अशी मेसेंजर यांची जुनी तक्रार आहे. अल्प मोबदल्यात दोन तासांची बैठक, रात्रीचे लेखन आणि दुरुस्त्या कोण करील? मग तयार नमुना घेऊन नावे तेवढी बदलणारे निपजतात, आणि चर्चमधील ज्या पाठांतराला लोक विटले होते, तेच मागील दाराने परत येते.

पुढील लेखांकात शब्दांऐवजी धातू आणि पाषाण यांवर ठेवलेल्या स्मृतींकडे, म्हणजे देवघरातील पूर्वजांचे टाक घडविणारे सोनार, वीरगळ कोरणारे पाथरवट, आणि नाशिकला धुळवडीस निघणारी वीरांची मिरवणूक यांकडे वळावयाचे आहे.