खिदिरपूरचा पाहुणा, मुंबईचा पत्ता

भाद्रपदात कोलकात्याच्या खिदिरपूर-अलीपूरकडच्या जुन्या बागांतल्या झुडपांतून ‘चक्, चक्’ असा कोरडा आवाज येऊ लागला, की ब्लिथचा बोरू वटवट्या आला असं समजावं. एशियाटिक सोसायटीच्या कोलकात्यातल्या संग्रहालयाचे क्युरेटर एडवर्ड ब्लिथ यांनी १८४९मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. मातकट पाठ, फिकट पोट, वजन दहा-बारा ग्रॅम. दुर्बिणीतून असले चार पक्षी पाहिले तरी त्यांतला यंदाचा कुठला आणि जुना कुठला, हे सांगणं कठीण.

त्यासाठी पक्षी हातातच घ्यावा लागतो. पहाटे बारीक जाळी ताणतात, अडकलेला पक्षी हलक्या हातानं सोडवून कापडी पिशवीत ठेवतात. मग तर्जनी आणि मधल्या बोटात मान धरून आधी पायात ॲल्युमिनियमचा वाळा घालतात; मोजमाप नंतर, कारण पक्षी निसटला तरी नोंद राहते. छातीवर फुंकर मारली, की पिसं बाजूला होऊन गळ्याखालच्या खळगीत पिवळी चरबी दिसते. हीच त्याची प्रवासाची शिदोरी.

खरी गंमत पंखांत आहे. प्रौढ वटवट्या जुनी पिसं घेऊनच निघतो आणि इथे पोचल्यावर, हिवाळ्यात, ती बदलतो. म्हणून सप्टेंबरात झिजलेल्या, विरलेल्या कडांचा पक्षी जुना. कोऱ्या पिसांचा असेल तर तो याच उन्हाळ्यात रशिया किंवा मध्य आशियात जन्मलेला. दरवर्षी कोऱ्यांचं प्रमाण मोजत गेलं, तर तिकडची वीण कशी झाली याचा अंदाज इथे बसून बांधता येतो.

आपल्याकडे वाळे घालण्याचं हे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९२०च्या दशकात धारच्या पवारांच्या संस्थानात बदकांपासून सुरू केलं. पुढे १९५७मध्ये क्यासनूरच्या माकडतापाची साथ आली. त्याचे विषाणू पाहुण्या पक्ष्यांवरच्या गोचिडांतून आले का, अशी शंका होती. तेव्हा या कामाला जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली. नंतर अमेरिकी लष्कराचा पैसा आला, संशय वाढला आणि प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेलं. वाळ्यात हेर शोधणं हास्यास्पद वाटतं, पण पैसा कुणाचा हा प्रश्न रास्तच होता.

पक्षी हातात घेऊन पाहण्याचं मोल थायलंडमध्ये दिसलं. तिथे मार्च २००६मध्ये असाच एक वटवट्या जाळ्यात सापडला. चोच जरा लांब, पंख जरा आखूड. डीएनए तपासल्यावर कळलं, की १८६७मध्ये सतलज खोऱ्यात मिळालेल्या एकमेव नमुन्याची ही जात. दुर्बिणीतून तो ब्लिथचाच ठरला असता.

परवानगीविना जाळं लावणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. मेलेल्या पक्ष्याच्या पायात वाळा दिसला, तर मात्र क्रमांक टिपावा, फोटो काढावा आणि मुंबईला, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावं.