होडीचे पॉलिश आणि मेण

फायबरग्लासच्या होडीची सगळी चकाकी तिच्या सर्वांत बाहेरच्या थरात असते. या थराला जेलकोट म्हणतात. होडी घडवताना साच्याच्या आतून आधी रंगीत पॉलिएस्टर रेझिन फवारतात आणि त्यावर काचतंतूंचे कापड व रेझिन यांचे थर चढवतात. होडी साच्यातून निघाली की तो पहिला फवारा तिची कातडी होतो. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन-तीन पोस्टकार्डांएवढी. पॉलिश, मेण, घासणे, पुसणे असे जे काही करायचे ते एवढ्याशा जाडीत करायचे असते, आणि होडीची निगा राखणाऱ्याने हे माप सतत ध्यानात ठेवायला हवे.

थंड देशांत हिवाळाभर झाकून ठेवलेल्या होड्या वसंतात बाहेर निघतात आणि पाण्यात उतरवण्याआधी त्यांना मेण लावले जाते. पुण्यात गोठवणारा हिवाळा नाही, पण काम त्याच सुमाराला येते. इथे होडीचा खरा शत्रू ऊन आहे. फाल्गुन-चैत्रात आभाळ निरभ्र असते, पारा पस्तिशीच्या वर सरकतो आणि पावसाळी ढग यायला अजून अडीच-तीन महिने असतात. उन्हातली अतिनील किरणे जेलकोटमधल्या रेझिनच्या साखळ्या तोडतात, हवेतला ऑक्सिजन त्यात भर घालतो, रंग विटतो आणि पृष्ठभागावर पांढरट भुकटी साठते. मेणाचा थर उन्हाळा लागण्याआधी चढला तर ही झीज आधी मेण सोसते, जेलकोट नंतर.

पुण्यातले नौकानयन जुने आहे. बंडगार्डनच्या बंधाऱ्याने अडवलेल्या पाण्याच्या आधाराने १८६८ मध्ये रॉयल कॅनॉट बोट क्लब उभा राहिला. बोट क्लब रोड हे नाव त्याचेच. मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, म्हणजे आताच्या सीओईपी विद्यापीठाची, रेगाटा १९२८ पासूनची आहे. पंट, कयाक, शेल या होड्यांच्या रांगा, नक्षी आणि कयाक बॅले पाहायला पुणेकर नदीकाठी गर्दी करतात. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात लष्कराचे रोइंग केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ याच केंद्रात घडला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कलमध्ये तेरावा आला.

पॉलिश आणि मेणाच्या कामाची सुरुवात तळहाताने होते. कोरड्या होडीवर तळहात दाबून फिरवावा. हाताला पांढरी भुकटी लागली तर जेलकोट खडूसारखा झाला आहे आणि पॉलिश लागेल. हात स्वच्छ राहिला आणि ट्यूबलाइटचे प्रतिबिंब सरळ रेघेत दिसले तर धुऊन मेण लावणे पुरे. ही तपासणी न करता दरवर्षी रबिंग कंपाउंड फिरवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते, आणि होडीचे सर्वांत मोठे नुकसान तीच करते. पॉलिश म्हणजे खरवडणे. खराब झालेला पापुद्रा काढून खालचा चांगला भाग उघडा करायचा, आणि काढलेला पापुद्रा परत येत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब इथे कामी येतो.

धुण्याकडे मात्र हयगय नको. मुळा-मुठेच्या पाण्यात सांडपाणी मिसळते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जलपर्णी पसरते. त्यामुळे होडीच्या तळाला चिकट, तपकिरी साय धरते आणि पाणरेषेवर क्षारांचा पट्टा उमटतो. सौम्य साबण, कोमट पाणी आणि मऊ स्पंजने साय निघते. क्षारांवर पाणी मिसळलेला पांढरा व्हिनेगर थोडा वेळ ठेवून धुऊन टाकावा. भांड्यांची काथ्याची घासणी होडीला लावू नये. वाळूचा एक कण जरी राहिला तरी पुढे तो कंपाउंडसोबत गोल गोल फिरतो आणि चरे पाडतो.

पॉलिश सावलीत आणि शक्यतो सकाळीच करावे. तापलेल्या पृष्ठभागावर कंपाउंड लगेच सुकते आणि घासण्याऐवजी चिकटते. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच तुकडा घ्यावा. कंपाउंडमध्ये अतिशय बारीक अपघर्षक कण असतात; घासता घासता ते फुटून आणखी बारीक होतात, म्हणून घाईने पुसून टाकू नये. बफिंग मशीन वापरायचे तर फेऱ्या कमी ठेवाव्यात आणि ते एका जागी थांबू देऊ नये. कडा आणि कोपरे हातानेच करावेत, कारण तिथे जेलकोट सर्वांत पातळ असतो आणि मशीन क्षणात खालचे काचतंतू उघडे पाडते. भुकटी फारच जाड असेल तर आधी हजार नंबरचा आणि मग दीड-दोन हजारचा वॉटर पेपर पाणी लावून फिरवावा लागतो, पण हा शेवटचा उपाय. स्पर्धेच्या कार्बन तंतूंच्या शेलवर बहुधा जेलकोटऐवजी रंगाचा किंवा पारदर्शक लॅकरचा थर असतो. तो आणखी पातळ, म्हणून तिथे सर्वांत बारीक पॉलिशच वापरावे.

मेण काही काढत नाही, वर बसते. उत्तम मेणांत कार्नोबा असतो. तो ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतो आणि सुमारे ८२ ते ८६ अंशांना वितळतो. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच पातळ होते. पुण्याच्या उन्हात तापलेल्या होडीवर हा फरक मोठा ठरतो. मेणाचा हात अगदी पातळ द्यावा. दहा-पंधरा मिनिटांत धुकट थर दिसतो. त्यावर बोट ओढावे. बोटाखालची रेघ स्वच्छ उमटली तर पुसायला घ्यावे, बोट चिकट झाले तर आणखी थांबावे. पुसायला धुऊन मऊ झालेले जुने सुती धोतर फार चांगले. दुसरा हात काही तासांनी द्यावा. जाड थर लावल्याने टिकाऊपणा वाढत नाही, फक्त पुसताना हात भरून येतात. पाय ठेवण्याच्या जागेला आणि वल्ह्याच्या मुठीला मेण लावू नये, तिथे घसरण जिवावर बेतू शकते. जिथे दुरुस्ती किंवा रंग करायचा आहे तिथेही मेण आधी लागता कामा नये, कारण त्यावर नवा थर धरत नाही.

मेणाने होडी वेगाने पळते असा समज खेळाडूंमध्ये आढळतो. पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळताना पाहून तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण पाण्यात बुडलेल्या तळाला लागून असलेला पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा होडीसोबतच ओढला जातो, मेण असो वा नसो. घर्षण वाढते ते चरे, खवले आणि वाळलेल्या शेवाळामुळे. दोन हजार मीटरच्या शर्यतीत लाभ होतो तो गुळगुळीत, स्वच्छ तळाचा. पाण्याचे गुणधर्म बदलणारे लेप तर जागतिक रोइंग संघटनेच्या नियमांनुसार निषिद्धच आहेत.

कोकणच्या किनाऱ्यावर हे गणित वेगळे आहे. तिथल्या होड्या आठ-दहा महिने खाऱ्या पाण्यात असतात, त्यामुळे पाणरेषेखाली शंख-शिंपले धरू नयेत म्हणून विषारी रंग द्यावा लागतो आणि मेणाला तिथे काम नसते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत नौका वर ओढून त्यांची डागडुजी होते. लाकडी होडीला माशाचे तेल पाजण्याची रीत जुनी आहे. उलट पुण्यातली होडी तास-दोन तासच पाण्यात असते आणि मग खांद्यावरून शेडमध्ये जाते.

म्हणूनच शेडमधली जागा मेणाइतकीच महत्त्वाची. होडी पालथी, गादी लावलेल्या दोन आधारांवर ठेवावी. पत्र्याच्या फटीतून उतरणारे दुपारचे ऊन एकाच ठिकाणी रोज पडत असेल तर तेवढाच पट्टा वर्षभरात विटतो. तिथे सुती कापड टाकावे. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळले की आत घाम साचतो आणि चकाकी धुकट होते. पावसाळ्याआधी एकदा बाटलीतले पाणी होडीवर शिंपडून पाहावे. थेंब गोल उभे राहिले तर मेण शाबूत आहे; पाणी सपाट पसरले तर आणखी एक हात द्यायची वेळ आली आहे.