बाधलं, सोसलं नाही की अ‍ॅलर्जी?

खाण्यापिण्याच्या त्रासासाठी आपल्या सीमाभागात शब्दांना तोटा नाही. ‘दूध सोसत नाही’, ‘वांगं बाधतं’, ‘शेंगदाण्यानं अंगावर पित्त उठतं’ असं आपण सहज बोलून जातो. अलीकडे या सगळ्यालाच सरसकट ‘अ‍ॅलर्जी’ म्हटलं जातं. एरवी शब्द कुठला वापरला याने फार बिघडत नाही. इथे मात्र बिघडतं. एका त्रासात दूध थोडं कमी घेतलं की भागतं, तर दुसऱ्यात भाजीतला चमचाभर शेंगदाण्याचा कूटही जिवावर बेतू शकतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. त्यामुळे हा लेख औषधोपचार सांगणारा नाही. डॉक्टरांकडे जाण्याआधी आपल्याला काय माहीत असावं, एवढंच यात आहे.

फरक कुठे आहे?

अ‍ॅलर्जी हा रोगप्रतिकारशक्तीचा गोंधळ आहे. एखाद्या पदार्थातल्या प्रथिनाला शरीर शत्रू समजतं आणि त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं तयार करतं. तो पदार्थ पुन्हा पोटात गेला की हिस्टामिनसारखी रसायनं बाहेर पडतात. बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. क्वचित श्वास कोंडतो आणि रक्तदाब झपाट्याने उतरतो. या अवस्थेला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात.

न सोसणं हा मुख्यतः पचनाचा प्रश्न आहे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला लॅक्टेज हे पाचकद्रव्य लागतं. जगातल्या बहुसंख्य माणसांत बालपणानंतर ते कमी होत जातं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते आणि गॅस, गुडगुड, जुलाब सुरू होतात. त्रास खरा असतो, पण जिवाला धोका नसतो आणि सगळं प्रमाणावर अवलंबून असतं. अशा अनेकांना एका वेळी कपभर दूध चालून जातं. दही-ताक बरं पडतं, कारण त्यातलं काही लॅक्टोज जिवाणूंनी आधीच संपवलेलं असतं. तुपात ते जवळजवळ नसतंच. बेळगावचा कुंदा मात्र आटवलेल्या दुधाचा, म्हणून दोन घासांतही बरंच लॅक्टोज पोटात जातं.

दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला हे गणित लागू नाही. त्याला दही, ताक, कुंदा सगळंच वर्ज्य, आणि तूपही डॉक्टरांना विचारूनच.

तिसरा प्रकार सीलिअ‍ॅक आजाराचा. यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं. आपल्याकडे जोंधळ्याची भाकरी रोजची, आणि जोंधळ्यात ग्लूटेन नसतं, ही मोठी सोय. पण गिरणीत आधी गहू दळला असेल तर ते पीठ आपल्या दळणात मिसळतं. बाजारातल्या बऱ्याच हिंगातही मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. पथ्य पाळणाऱ्या घरी दळण आणि हिंग दोन्ही पाहावं लागतं.

चाचणी आली, म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच?

याचं उत्तर आपल्याच राज्यातल्या अभ्यासांत आहे. बेंगळुरू आणि म्हैसूरमध्ये सुमारे ११,८०० प्रौढांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. रक्तात एखाद्या तरी खाद्यपदार्थाविरुद्ध आयजीई असण्याचं प्रमाण साधारण २६ टक्के निघालं. प्रत्यक्ष त्रास आणि चाचणी दोन्ही जुळणारे, म्हणजे बहुधा खरी अ‍ॅलर्जी असलेले, फक्त १.२ टक्के होते.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये आपल्या लाडक्या वांग्याचा अभ्यास मांडला. ७४१ जणांपैकी ९.२ टक्के लोकांत त्रासाची तक्रार किंवा त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह होती. आयजीईमुळे होणाऱ्या खऱ्या अ‍ॅलर्जीचा अंदाज मात्र ०.८ टक्के निघाला.

आमच्या कामात अलार्म वाजला म्हणजे सिस्टिम बंद पडलीच, असं धरत नाहीत; आधी तपासतात. इथेही तसंच. केवळ रिपोर्ट पाहून मुलाचं दूध, शेंगदाणे, गहू, डाळी बंद केल्या तर त्याची वाढ खुंटू शकते. शेकडो पदार्थांची ‘आयजीजी’ चाचणी करून देणारी पॅकेजेस मिळतात. अमेरिका आणि युरोपातल्या अ‍ॅलर्जी तज्ज्ञांच्या संघटना अशा निदानासाठी ती करू नका असं सांगतात.

घरी काय करावं?

• दोन-तीन आठवडे वहीत नोंद ठेवा: काय खाल्लं, किती, किती वेळाने काय झालं. डॉक्टरांना ही वही रिपोर्टइतकीच उपयोगी पडते.

• पाकिटावरची माहिती वाचा. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, काजू-बदाम, सोया आणि ग्लूटेन असलेली धान्यं यांचा उल्लेख करावा लागतो. सुट्या मिठाईला लेबल नसतं, तिथे तोंडाने विचारा. गोकाकचा करदंट तर सुकामेव्याचाच असतो.

• नुसत्या गांधी उठल्या तर आमसुलाचं पाणी लावायची आपली पद्धत आहे. पण सोबत धाप, आवाज बसणं, वारंवार उलटी किंवा चक्कर असेल तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका. माणसाला झोपवा, पाय उंच ठेवा. धाप असेल तर बसू द्या. १०८ ला फोन करा.

• यावरचं पहिलं औषध म्हणजे मांडीत दिलं जाणारं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव ७५. मोठ्या दवाखान्याच्या ओढीने जवळचं रुग्णालय मागे टाकू नका. इंजेक्शन जवळ घ्या, पुढचा प्रवास नंतर.

राहिली पंगत. ‘एवढ्यानं काय होतंय, खा की!’ हा आपल्याकडचा प्रेमाचा आग्रह. पण कुणी ‘मला शेंगदाणा चालत नाही’ म्हणालं, तर तो नखरा समजू नये. मंडळाच्या स्नेहभोजनात प्रत्येक पदार्थाजवळ ‘यात शेंगदाणा आहे’, ‘यात दूध आहे’ एवढी मराठी-कन्नड चिठ्ठी ठेवली, तर खर्च शून्य आणि पाहुणा निर्धास्त जेवेल.