कासवाचे ऊन

“कासवाला काय लागतं? बरणीभर पाणी अन् चिमूटभर खाणं!” आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये असे सर्रास बोलले जाते. बंद्या रुपयाएवढे, लाल कानपट्ट्यांचे हे पिल्लू मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातले. (आपले स्टार कासव पाळणे १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.)

मांजर भुकेले की ओरडते. कासव मुकाट सोसते. त्याची खरी भूक असते उन्हाची. उन्हातल्या अतिनील किरणांवाचून ड जीवनसत्त्व नाही, त्यावाचून कॅल्शियम अंगी लागत नाही आणि पाठ मऊ पडते. बंद खिडकीतले ऊन कामाचे नाही. काच ते किरण अडवते.

माझा रिवाज असा: सकाळी टब उघड्या गॅलरीत, अर्धा सावलीत, पाण्यात चढायला दगड, वर कावळ्यांसाठी जाळी. पावसाळ्यात अतिनील दिवा. पाणी वरचेवर बदलावे आणि कासवाला हात लावला की साबणाने धुवावा. त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात.

हे पिल्लू पुढे ताटलीएवढे होते, तीस वर्षेही जगते. कंटाळा आला म्हणून पवईच्या तलावात सोडू नये. देशी कासवांच्या तोंडचा घास जातो. एवढे जमणार नसेल, तर मुलांना सशाच्या गोष्टीतले कासवच द्यावे!