चाळीतला कांदा : ३० टक्के घट, ४३ टक्के भाववाढ

चाळीत ठेवलेला कांदा ३० टक्के घटला, तर भाव ३० टक्क्यांनी वाढून भागत नाही. तो ४३ टक्क्यांनी वाढावा लागतो, तेव्हा कुठे शेतकरी होता तिथे येतो. नेवासे तालुक्यातल्या सोनई परिसरात दर एप्रिलला निघणाऱ्या उन्हाळी कांद्याचा, म्हणजे इथल्या बोलीत गावरानाचा, सगळा हिशेब या एका आकड्याभोवती फिरतो. बाजारात चर्चा मात्र वेगळ्याच आकड्याची होते.

आधी भूगोल. मुळा धरणाची क्षमता २६ टीएमसी आणि त्याच्या उजव्या कालव्याचं पाणी राहुरीनंतर नेवासे तालुक्यात येतं. सोनईत मुळा सहकारी साखर कारखाना असल्यामुळे पाण्यावर पहिला हक्क उसाचा. पण ज्याचं रान मोकळं आहे आणि विहिरीला उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकतं, तो डिसेंबर-जानेवारीत कांदा लावतो. माल जातो जवळच्या घोडेगावला, नेवासे बाजार समितीच्या उपबाजारात. नाशिककडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मोकळा कांदा लिलावाला उभा राहतो. नगरकडे तो गोण्यांत येतो. त्यामुळे इथे निवड घरीच करून आणावी लागते. त्या निवडीची मजुरी शेतकऱ्याच्या खिशातून जाते आणि ती कुठल्याच बाजारभावाच्या तक्त्यात दिसत नाही.

तक्त्यात दिसतो तो सर्वाधिक भाव. ‘एक-दोन वक्कल दोन हजारांनी गेले’ ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचते. ते एक-दोन वक्कल, म्हणजे लिलावातले ढीग, कुणाचे तरी असतात, पण बहुतेकांचे नसतात. समजा, शंभर गोण्यांपैकी दहा गोण्या एक नंबर निघाल्या आणि क्विंटलला २,००० रुपयांनी गेल्या. पंचेचाळीस मध्यम मालाच्या, १,५०० नी. पंचवीस त्याहून हलक्या, १,१०० नी. उरलेल्या वीस गोल्टी म्हणजे बारीक आणि जोड कांद्याच्या, ६०० नी. सरासरी पडली १,२७० रुपये. बातमीतला भाव २,००० आणि हाती आलेला त्याच्या ६४ टक्क्यांच्या आतच. हे आकडे नमुन्याचे आहेत, पण विक्रीच्या कुठल्याही पट्ट्या काढून असा हिशेब मांडावा. दोन्हींतलं अंतर फारसं कमी भरणार नाही.

आता चाळीकडे. शंभर क्विंटल कांदा एप्रिलमध्ये १,२०० रुपयांनी विकला तर १ लाख २० हजार येतात. तोच पाच महिने ठेवला, वर्षाला १२ टक्के दराने अडकलेल्या पैशाचं व्याज धरलं, तर आणखी ६,००० रुपये. सप्टेंबरात ७० क्विंटल उरला, तर १,८०० भाव मिळाल्यावर बरोबरी होते. त्यावरचा रुपया कमाईचा. घट २० टक्क्यांवर आणता आली तर हीच बरोबरी १,५७५ ला होते. म्हणजे घटीतले दहा टक्के क्विंटलमागे २२५ रुपयांचे आहेत.

साध्या साठवणुकीत चार-पाच महिन्यांत ३० ते ४० टक्के नुकसान नेहमीचं मानलं जातं. त्यात सर्वांत मोठा वाटा वजन घटण्याचा, मग सडण्याचा, मग कोंब फुटण्याचा. पहिला शत्रू दिसत नाही, कारण कांदा शाबूत असतो, फक्त हलका झालेला असतो. उपाय बरेचसे काढणीआधीचे आहेत. निम्म्या माना पडल्या की काढणी, त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी बंद. काढलेला कांदा एकाच्या पातीने दुसऱ्याचा गड्डा झाकला जाईल असा ओळीत पसरून तीन-चार दिवस शेतात सुकवायचा. मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची. ही मान अगदी बुडातून छाटली की तिथूनच बुरशी शिरते. लगबगीच्या दिवसांत उक्ती कापणी करणारी टोळी नेमकी इथेच घाई करते. त्यानंतर सावलीत सुकवणं, जे बहुतेक जण टाळतात. राहुरीचं कृषी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे, एन-२-४-१ सारखं पाच-सहा महिने टिकणारं वाण पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तरी जानेवारीत रोपांचा तुटवडा पडला की मिळेल ते रोप लावलं जातं आणि चाळीतली घट तिथेच ठरून जाते.

चाळीला सरकारी मदत आहे. अनेक वर्षं २५ टनांच्या चाळीला कमाल ८७,५०० रुपये अनुदान मिळत होतं. तुलनेसाठी दुसरा आकडा पाहा : २०२३ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपये, २०० क्विंटलच्या मर्यादेत दिले. म्हणजे एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त ७० हजार, आणि तेही एकदाच. चाळ मात्र नीट बांधली, तर पुढची अनेक वर्षं दरवर्षी घट वाचवते. मला पहिला खर्च शहाणपणाचा वाटतो, दुसरा निवडणुकीच्या पंचांगातला.

भाव कोसळतो तेव्हा खर्च कोसळत नाही, हेही त्याच फेब्रुवारीत दिसलं. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा सोलापुरात किलोला एक रुपयाने गेला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात आले २ रुपये ४९ पैसे. लोक त्या दोन रुपयांवर हळहळले. खरा आकडा वजावटीचा आहे : क्विंटलमागे जवळपास १०० रुपये. भाव २,००० असता तर हीच वजावट पाच टक्के ठरली असती आणि कुणी बोललंही नसतं.

मग दोष निर्यात धोरणाचा का? धोरण धरसोडीचं होतं, यात वाद नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरला थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर आणि ४० टक्क्यांची अट ठेवून. सप्टेंबरात मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्के झालं, आणि १ एप्रिल २०२५ ला तेही संपलं. निर्यात २०२२-२३ मध्ये २५ लाख टन होती, ती २०२३-२४ मध्ये १७ लाखांवर आली. गेलेलं गिऱ्हाईक शुल्क काढल्याच्या दुसऱ्या दिवशी परत येत नाही.

पण दुसरी बाजूही आकड्यांचीच आहे. २०२२-२३ चं देशाचं उत्पादन ३०२ लाख टन. पुढच्या वर्षी पहिल्या अंदाजात ते २५५ लाखांवर घसरलं, त्यात एकट्या महाराष्ट्राची घट ३४ लाख टनांची. २०२५ च्या रब्बीचा अंदाज आला २२७ लाख टन, आदल्या रब्बीच्या १९२ लाखांवरून. एका हंगामात ३५ लाख टनांची भर. २०२२-२३ ची सगळी निर्यात या वाढीपेक्षा १० लाख टनांनी कमी आहे. म्हणूनच शुल्क हटवण्याच्या घोषणेच्या आदल्या दिवशी, २१ मार्च २०२५ ला, लासलगावचा सर्वसाधारण भाव १,३३० रुपये होता आणि पुढेही चाळी भरलेल्या राहिल्या.

आणि सोनईचा शेतकरी हे ३५ लाख टन कधी पाहतो? अंदाज येईपर्यंत त्याची लागवड होऊन दोन-तीन महिने झालेले असतात. डिसेंबरात त्याच्यासमोर एवढंच असतं : शेजारच्या रानात ऊस, ज्याचा २०२५-२६ चा किमान दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये म्हणून गाळपाआधीच जाहीर झालेला; आणि या रानात कांद्याचं रोप, ज्याच्यासाठी असा एकही आकडा नाही.